रंध्याची मूठ आणि मिस्त्रींचे मनगट

रंधा हे सुताराचे हत्यार. त्याचा या आरोग्य सदराशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु मनगटदुखीचे किंवा बोटांना येणाऱ्या मुंग्यांचे कारण पुष्कळदा रुग्णाच्या हत्यारांच्या पेटीत सापडते. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने इ.स. १७०० मध्ये निरनिराळ्या धंद्यांतील कामगारांना होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत 'तुमचा धंदा कोणता?' हा प्रश्नही असावा, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतरही त्या प्रश्नाचे मोल कमी झालेले नाही.

आता विजेवर चालणारे रंधे आले आहेत, हे खरे. तरीही पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसवायचे असो, खिडकीची कड सारखी करायची असो की सागवानी फळीवर शेवटचा हात फिरवायचा असो, मिस्त्री हातरंधाच उचलतात. मिनिटाला २० हात मारले, तर तासाला १२०० होतात. दिवसातून चार तास रंधा चालला, तर ४८०० वेळा मूठ आवळली जाते आणि तितक्याच वेळा मनगटावर जोर येतो. मूठ हाताला नीट बसत नसेल, तर ती छोटीशी अडचणसुद्धा दिवसाला ४८०० वेळा होते. आजच्या लेखात ही मूठ, तिला लावता येणाऱ्या जोडमुठी आणि मनगटाची काळजी यांचा विचार करू.

मूठ नेमके काय काम करते?

रंधा चालवताना दोन हातांची कामे वेगळी असतात. मागचा हात रंधा पुढे ढकलतो. पुढचा हात तो लाकडावर दाबून धरतो आणि दिशा देतो. ढकलण्याचा जोर खरे तर पायांतून, कमरेतून आणि खांद्यातून यावा. मनगटाने तो फक्त पुढे पोचवायचा असतो. यासाठी मनगट सरळ असावे लागते. ते वाकलेले असेल, तर जोर वाटेतच अडतो आणि मनगटाच्या सांध्यावर व शिरांवर पडतो.

याचा एक सोपा प्रयोग घरीच करून पाहावा. एक पेन्सिल मुठीत घट्ट धरा आणि मनगट आतल्या बाजूला, म्हणजे तळहाताकडे, पूर्ण वाकवा. आता दुसऱ्या कोणाला ती पेन्सिल ओढायला सांगा. ती सहज निघून येईल. मनगट सरळ किंवा किंचित मागे कललेले ठेवून तीच पेन्सिल धरली, तर ती सहजासहजी सुटणार नाही. वाकलेल्या मनगटाने धरलेली पकड कमजोर असते. ती टिकवण्यासाठी माणूस नकळत अधिक आवळतो आणि अधिक आवळले की हात लवकर थकतो.

मुठीची समस्या जगातील सुतारांनी आपापल्या परीने सोडवली आहे. जर्मनीच्या लाकडी रंध्याला पुढे शिंगासारखी वळलेली मूठ असते. चिनी रंध्याला पात्याच्या मागे आडवी दांडी असते आणि ती दोन्ही हातांनी धरून रंधा ढकलतात. जपानी रंध्याला मूठच नसते. तिथले सुतार तो आपल्याकडे ओढतात. आपल्याकडे जो लोखंडी रंधा दिसतो, त्याची मूळ रचना अमेरिकेतील लिओनार्ड बेली याची. त्याचा धंदा १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने घेतला आणि तीच रचना जगभर पसरली. मागे उभी, पुढे झुकलेली मूठ आणि समोर गोल बोंडासारखी मूठ असे तिचे स्वरूप आहे. नंबर ५ चा असा रंधा सुमारे ३५ सें.मी. लांब आणि वजनाला दोन किलोच्या आसपास भरतो.

ही मागची मूठ तीन बोटांसाठी आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी मूठ धरायची आणि तर्जनी पात्याच्या बाजूने पुढे सरळ ठेवायची, ही तिची रीत. चारही बोटे त्यात कोंबली, की करंगळी खाली दबते, अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी वर चिमटते आणि मनगट बाजूला वळते. तर्जनी मोकळी ठेवली की हात आपोआप सैल पडतो आणि रंध्याची दिशाही चांगली राहते. ज्यांचा हात मूठ धरून अवघडतो, त्यांनी सर्वांत आधी हाच फुकटचा उपाय करून पाहावा.

मनगटातील अरुंद वाट

मनगटात ८ लहान हाडे असतात. त्यांची तळाशी एक पन्हळ तयार होते आणि तिच्यावर एका जाड पट्ट्याचे छत असते. या बोळातून बोटे मिटणाऱ्या ९ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक महत्त्वाची मज्जातंतूची शीर तळहातात जाते. या बोळाला डॉक्टर 'कार्पल टनेल' म्हणतात. जागा आधीच तुटपुंजी आहे. मनगट फार पुढे किंवा फार मागे वाकले, की आतला दाब वाढतो. बोटे सतत आवळल्याने कंडरांवरील आवरणाला सूज आली, की दाब आणखी वाढतो. हाड कठीण आणि छत चिवट असल्यामुळे दबते ती बिचारी शीर.

तळहाताच्या करंगळीकडील बाजूला, मनगटाजवळ जी मांसल उशी असते, तिच्याखालून दुसरी शीर आणि एक रक्तवाहिनी जाते. मुठीचे कठीण टोक नेमके तिथे रुतत असेल, तर त्या शिरेवर दाब येतो. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना हँडलमुळे असाच त्रास होतो. काही कारागीर पटाशी सरकवायला किंवा सांधा बसवायला तळहाताच्या याच भागाने ठोकतात. तळहाताचा असा हातोडा केल्याने आतली रक्तवाहिनी दुखावते. पुढे करंगळी आणि अनामिका थंड पडणे, पांढरी होणे असे प्रकार होऊ शकतात. ठोकायला लाकडी हातोडाच वापरावा.

तिसरी नाजूक जागा म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी मनगटाची बाजू. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा तिथल्या एका अरुंद खोबणीतून जातात. अंगठा ताणून धरलेला असताना मनगट वारंवार करंगळीकडे वळले, की तिथे सूज येते. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हें याने १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

तक्रार कोणती, हे कसे ओळखावे?

पहिली खूण : अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते किंवा तिथे मुंग्या येतात. करंगळी मात्र चांगली असते. त्रास रात्री वाढतो, झोपमोड होते आणि हात झटकला की बरे वाटते. अशा वेळी कार्पल टनेलमधील शीर दबत असण्याची शक्यता मोठी असते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटे पूर्ण वाकवून एक मिनिट धरावीत. त्याच बोटांना मुंग्या आल्या, तर संशय पक्का होतो.

दुसरी खूण : करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडील बाजू बधिर होते. शीर तळहातात दबते किंवा कोपरापाशीही दबू शकते. नेमकी जागा डॉक्टरांनीच ठरवावी.

तिसरी खूण : अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे हळूच वाकवले, की अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ येते. हे द कर्व्हेंचे दुखणे असू शकते.

चौथी खूण : सकाळी एखादे बोट मिटलेलेच राहते आणि उघडताना 'टक्' होते. यात बोटाची कंडरा आपल्या आवरणात अडकते. कठीण, अरुंद मूठ तळहातात रुतल्याने हा त्रास वाढतो.

आणखी एक खूण सर्वांत गंभीर आहे. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो दुसऱ्या हाताच्या मानाने बसलेला, सपाट झालेला दिसतो. हातातून खिळे, स्क्रू निसटतात. शर्टाची गुंडी लावताना बोटे चाचपडतात. याचा अर्थ शीर बरेच दिवस दबलेली आहे आणि स्नायू वाळू लागला आहे. या अवस्थेत एक दिवसही वाया घालवू नये. वाळलेला स्नायू आणि गेलेली संवेदना उपचारानंतरही पूर्णपणे परत येईलच, अशी खात्री देता येत नाही. सुताराच्या दृष्टीने बोटांची संवेदना म्हणजे दुसरे डोळेच. फळी सपाट झाली की नाही, हे तो बघून नव्हे, बोट फिरवून सांगतो. ही संवेदना गेली, की हात शाबूत असूनही कसब जाते.

मूठ कशी असावी?

पहिली बाब जाडीची. मूठ फार बारीक असेल, तर बोटांची टोके तळहातात रुततात आणि ती पडू नये म्हणून जास्त आवळावी लागते. फार जाड असेल, तर बोटे तिच्याभोवती पोचत नाहीत. बहुतेक प्रौढांच्या हाताला ३० ते ४५ मि.मी. व्यासाची गोलसर मूठ सोसते. मोजायला फूटपट्टीची गरज नाही. अंगठा आणि तर्जनी यांनी मूठ वेढली असता दोन्हींची टोके एकमेकांना जेमतेम टेकतात किंवा एकमेकांवर थोडी चढतात, ती जाडी आपल्या हाताची. मुठीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला, तर तो साधारण ११ ते १२ सें.मी. भरावा. मागची मूठ अगदी गोल नसावी. पुढे-मागे अधिक आणि बाजूंना कमी अशी लंबगोल असली, म्हणजे ती हातात फिरत नाही.

दुसरी बाब टोकांची. मुठीचे वरचे किंवा खालचे टोक तळहाताच्या मध्यावर किंवा करंगळीकडील उशीवर रुतता कामा नये. टोक कानशीने गोल करावे आणि पॉलिश पेपर फिरवावा. अर्ध्या तासाच्या या कामाने महिनोन्‌महिन्यांची कळ थांबू शकते.

तिसरी बाब पृष्ठभागाची. चकचकीत वॉर्निश दिलेली मूठ घामाने निसटते, म्हणून ती अधिक आवळावी लागते. वॉर्निश खरवडून लाकडाला थोडे जवसाचे तेल मुरवले, तर पकड चांगली बसते. तेल पूर्ण वाळू द्यावे. मात्र या तेलाचे फडके गोळा करून टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून टाकावे.

चौथी बाब घट्टपणाची. उन्हाळ्यात लाकडी मूठ आकसते आणि तिचा बोल्ट सैल पडतो. पावसाळ्यात ती फुगते. डगडगणारी मूठ स्थिर ठेवण्यासाठी हात नकळत दुप्पट आवळतो. दर आठवड्याला बोल्टवर स्क्रू ड्रायव्हर फिरवून पाहावा, पण वाजवीपेक्षा जास्त पिळू नये, नाही तर मूठ फुटते. फुटलेल्या मुठीवर नुसती चिकटपट्टी गुंडाळून काम रेटू नये. भेग उघडझाप करते आणि कातडी चिमटते. मूठ सरसाने किंवा चांगल्या गोंदाने जोडावी अथवा नवी करावी. आपल्या हाताच्या मापाची मूठ शिसवाच्या तुकड्यातून मिस्त्री स्वतःच घडवू शकतात. बाजारातील मूठ सरासरी हातासाठी असते आणि सरासरी हात कोणाचाच नसतो.

पाचवी बाब खाचांची. काही मुठींवर बोटांसाठी खाचा पाडलेल्या असतात. दिसायला त्या सोयीच्या वाटतात. पण खाचा ज्याच्या हाताच्या मापाने पाडल्या, त्यालाच त्या बसतात. इतरांची बोटे खाचांमधल्या कंगोऱ्यांवर येतात. मूठ साधी, गुळगुळीत वळणाची असावी, हे उत्तम.

जोडमुठी : केव्हा आणि कोणत्या?

रंध्याच्या मूळ मुठींखेरीज वरून बसवायच्या मुठी असतात. त्यांना आपण जोडमूठ म्हणू. तिचे तीन उपयोग आहेत.

पहिला उपयोग रंधा आडवा झोपवून चालवताना होतो. फळीचे टोक काटकोनात करायचे असेल, तर रंधा कुशीवर ठेवून फळीच्या टोकावरून सरकवतात. अशा वेळी मागची मूठ आडवी होते आणि धरायला काहीच नीट राहत नाही. मिस्त्री लोखंडी पाखीला चिमटीत पकडतात आणि अंगठ्याने दाबतात. अंगठ्याच्या मुळाचे दुखणे मागे लागते ते यातून. रंध्याच्या बाजूला एक आडवी गोल मूठ बसवली, तर तळहाताने ढकलता येते आणि अंगठा मोकळा राहतो. लाकडी रंध्याला अशी मूठ स्क्रूने लावता येते. लोखंडी रंध्याचे अंग बीडाचे, म्हणजे ठिसूळ असते. त्याला घाईने भोक पाडू नये. चुंबकाने चिकटणारी किंवा दोन्ही बाजूंनी आवळणारी मूठ वापरावी. काम सुरू करण्यापूर्वी ती जोर लावून सरकवून पाहावी. चालत्या हातात मूठ निसटली, तर बोटे पात्यावर जातील.

दुसरा उपयोग लहान रंध्याला. एका हातात मावणारा रंधा तळहाताच्या मध्यावर दाबून चालवतात. त्याची लोखंडी टोपी अरुंद असेल, तर सगळा दाब एका रुपयाएवढ्या जागेवर येतो. तिच्यावर लाकडाचा गुळगुळीत, चेंडूच्या अर्ध्या भागासारखा तुकडा बसवला, की तोच दाब सबंध तळहातावर पसरतो.

तिसरा उपयोग मूठ जाड करण्याचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, कातडी पट्टी किंवा सुती फीत मुठीवर गुंडाळून तिचा घेर वाढवता येतो. एक-दोन वेढे पुरेत. फार जाड आणि मऊ गादी केली, तर रंध्याची चाहूल हाताला लागत नाही. माणूस अंदाज येण्यासाठी आणखी आवळतो आणि फायद्याऐवजी तोटाच होतो.

जोडमूठ लावल्यावर आठवडाभर हाताकडे लक्ष ठेवावे. रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या, तर बदल योग्य आहे. नवीन जागी दुखू लागले, तर मुठीची जागा किंवा जाडी बदलावी.

मुठीइतकेच महत्त्वाचे

मूठ कितीही चांगली असली, तरी बोथट पाते हाताचा शत्रूच. धार गेली की जोर वाढतो, जोर वाढला की पकड वाढते. थकवा जाणवला की आधी दगडावर पाते घासावे. तेवढीच हाताला विश्रांतीही मिळते. रंध्याच्या तळाला मेणबत्तीची एक रेघ ओढली, तर घर्षण लक्षात येण्याइतके कमी होते. पाते थोडेच बाहेर काढावे आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने रंधा मारावा. उलट्या रेषांत रंधा अडकतो आणि त्या प्रत्येक झटक्याचा मार मनगटावर बसतो.

उभ्याने काम करणाऱ्यांनी टेबलाची उंची तपासावी. सरळ उभे राहून हात सैल सोडले असता मनगटाच्या आसपास टेबल यावे. टेबल फार उंच असेल, तर खांदे वर जातात आणि मनगट मुडपते. फार खाली असेल, तर कंबर धरते. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांनी फळी एखाद्या ठोकळ्यावर उचलून घ्यावी. फळीच्या पुढे एक अडण ठोकून घेतली, म्हणजे फळी पायाने किंवा हाताने आवळून धरावी लागत नाही आणि दोन्ही हात रंध्यासाठी मोकळे राहतात.

अर्ध्या तासाने दोन मिनिटे रंधा खाली ठेवावा. बोटे पूर्ण पसरावीत, मूठ सैल मिटावी, असे दहा वेळा करावे. हात समोर सरळ धरून दुसऱ्या हाताने बोटे हलकेच मागे आणि मग खाली ताणावीत. रंधा मारण्याचे काम सलग न करता मध्ये मापे घेणे, खुणा करणे अशी हलकी कामे घालावीत.

उपचार कोणते?

सुरुवातीच्या अवस्थेत उपचार सोपे असतात. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधतात. झोपेत मनगट मुडपून आतला दाब वाढतो, तो यामुळे टळतो. काही आठवडे नेमाने बांधल्यास अनेकांना आराम पडतो. गरज वाटल्यास डॉक्टर त्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. मधुमेह असणाऱ्यांनी ते आधी सांगावे, कारण या इंजेक्शनाने काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते. शिरेतून संदेश किती वेगाने जातो, याची तपासणीही आता अनेक शहरांत होते.

याने भागले नाही किंवा स्नायू वाळू लागला, तर शस्त्रक्रिया करतात. बोळावरचा पट्टा कापून शिरेला जागा करून देतात. बहुधा फक्त हात बधिर करून हे काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हलकी कामे लवकर करता येतात. जड कामाला मात्र काही आठवडे थांबावे लागते. रंधा केव्हा हाती घ्यायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हाडवैद्याकडून मनगट खेचून घेणे, दुखऱ्या जागी जोराने मालिश करणे, गरम विटेने शेकून चटके घेणे हे प्रकार टाळावेत. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनोन्‌महिने काम रेटणे तर फारच वाईट. त्या गोळ्यांनी कळ दबते, शीर दबलेलीच राहते, आणि वर जठराला व मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो.

वाचकांना पडणारे प्रश्न

हाताला घट्टे पडले, म्हणजे हात तयार झाला ना?
घट्टा हा रोग नव्हे. सतत घासणाऱ्या जागी कातडीने केलेला तो बचाव आहे. पण घट्ट्याकडे नकाशा म्हणून पाहावे. बोटांच्या मुळाशी घट्टे असणे नेहमीचे. तळहाताच्या मध्यावर किंवा करंगळीकडील उशीवर घट्टा असेल, तर मूठ चुकीच्या जागी रुतते आहे, असे समजावे.

रंधा मारताना हातमोजे घालावेत का?
जाड मोज्यांनी पकड कमजोर होते आणि अधिक आवळावे लागते. बोटे उघडी राहतील असा, तळव्याला पातळ अस्तर असलेला मोजा चालेल. विजेवर फिरणाऱ्या करवतीपाशी मात्र कोणतेही मोजे घालू नयेत. मोजा पात्यात अडकला तर हात ओढला जातो.

रात्रीची पट्टी दिवसा काम करतानाही बांधावी का?
शक्यतो नाही. पट्टी मनगट अडवते, काम ते वाकवू पाहते, आणि या ओढाताणीत कोपर व खांदा दुखू लागतात. दिवसा मूठ सुधारावी, रात्री पट्टी बांधावी.

आमच्या घरी सुतारकाम नाही, तरी बोटांना मुंग्या येतात. असे का?
रंधा हे एक कारण झाले. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, आमवात यांतही हीच शीर दबते. लाटणे, शिलाईची कात्री, खुरपे ही हत्यारेही हात आवळायला लावतात. खुरप्याची मूठ बारीक असेल, तर तिलाही कापडाचे दोन वेढे द्यावेत. मानेच्या मणक्यामुळेही हाताला मुंग्या येतात. म्हणून नुसत्या अंदाजावर न राहता तपासणी करून घ्यावी.

कामावरून सुट्टी घेतली, तर घर कसे चालायचे?
हा प्रश्न औषधाने सुटणारा नाही, पण म्हणूनच दुखणे लहान असताना येणे स्वस्त पडते. पहिल्या महिन्यात मूठ बदलून आणि पट्टी बांधून काम चालू ठेवता येते. वर्षभराने आलेल्या रुग्णाला काम थांबवावे लागण्याचा संभव असतो. जे सुतार इमारतीच्या बांधकामावर काम करतात, त्यांना बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षात किमान ९० दिवसांचे काम ही अट आहे. नोंदणी झालेल्यांसाठी कोणत्या योजना चालू आहेत, याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करावी.

शेवटी घर बांधणाऱ्यांना एक विनंती. आपल्या दारात काम करणाऱ्या मिस्त्रींना आपण चहा विचारतो. फळ्या टेकवायला एक बळकट टेबल, पुरेसा उजेड आणि दार बसवण्यासाठी दोन दिवस अधिक एवढेही दिले, तर काम चांगले होईल आणि हातही शाबूत राहतील. आणि मिस्त्रींनी आज काम संपल्यावर रंधा पेटीत ठेवण्यापूर्वी आपला तळहात उजेडात धरून पाहावा. मुठीची खूण कुठे उठली आहे, ते दिसेल. ती तळहाताच्या मध्यावर किंवा करंगळीकडील उशीवर असेल, तर उद्या सकाळी पहिले काम कानस हाती घेऊन मुठीवर करावे.